वीस गोळ्यांचं सरासरी वजन

पवण्याच्या प्लॉटवर, दुसऱ्या पाळीला
मी गोळ्या तोलते.
वीस घ्यायच्या. एकेक काट्यावर ठेवायची.
काचेचं दार सरकवायचं, श्वास आवरायचा,
कारण नुसत्या श्वासानंही
चौथा दशांश हलतो.
मग आकडा, सही, तारीख, वेळ.

बाबा म्हणायचे, तुमचा बॉयलर आहे ना,
तिथं आपली उघाडी होती.
खारभात पिकायचं, निवट्या उड्या मारायच्या.
जमिनीचे पैसे आले आणि गेले,
बाबांना गेटवर नोकरी मिळाली, खाकी शर्ट मिळाला.
मला बी.एस्सी. मिळाली.
हे कुठल्या पारड्यात टाकायचं
ते मी अजून ठरवलेलं नाही.

मी नववीत असताना आईला क्षय झाला.
पहिल्या लाल गोळीनंतर
मोरीतून ओरडली, ‘माजा रगत चाल्ला गो!’
पालिकेच्या दवाखान्यातल्या वाढवे सिस्टर हसल्या,
‘रंग आहे तो गोळीचा, आत पोचलीय.’
सहा महिने समोर उभं राहून गिळायला लावली. फुकट.
आई आज त्र्याहत्तरची आहे,
सोडे निवडते, शेजारणीशी भांडते.
त्या लाल गोळीच्या कागदावर
कुणीतरी श्वास आवरून सही केली असणार.
त्या बाईला मी ओळखत नाही.
तिच्यासाठीच मी या स्टुलावर बसते, असं मला
चांगल्या दिवशी वाटतं.

बाकीचे दिवस असे असतात:
मागच्या नाल्याला रविवारी रात्री साय धरते.
काकांच्या जाळ्यातल्या जिताड्याला
असा वास येतो की मांजर नुसतं बघतं.
हार्मोनच्या ब्लॉकमधला भालचंद्र
छाती सुजली म्हणून बदली मागतो,
कारण लिहीत नाही.
मला एकटीला सांगतो,
बहुधा मी आकडे कुणाला बोलत नाही म्हणून.

आणि पॅकिंगमधली ती दोन खोकी.
तीच पावडर, तोच मिक्सर, तोच दिवस.
एका पट्टीवर बारा रुपये,
दुसरीवर एकशे अडतीस, वर सोनेरी रेघ.
मी दोन्हीतल्या वीस-वीस तोलल्या,
मग पुन्हा तोलल्या.
काट्याला काही कळलं नाही.

कोपरखैरण्यात आमच्या खालच्या मेडिकलवाल्याला
एक वॉचमन सांगत होता,
‘अर्धीच कापा शेट, पगार सातला.’
कात्री चालली.
मुदतीची तारीख
उरलेल्या अर्ध्यावर राहिली.

मंगळवारी सतरावी गोळी हलकी भरली.
थोडीशी. फुंकरीएवढी.
पण हद्दीबाहेर.
तीन लाखांचा लॉट, ट्रक खाली उभा.
देवस्थळी साहेब दारातूनच म्हणाले,
‘हात थरथरला असेल, नवी वीस घ्या.’
माझा हात थरथरत नाही.
मी आकडा लिहिला तसाच, शाईनं,
आणि घरी येईपर्यंत
नोकरी, घराचा हप्ता, भालचंद्र, आई
सगळ्यांना शिव्या दिल्या.
लॉट थांबला. पुढच्या महिन्यात मीही
बहुतेक थांबेन. बघू.

त्या रात्री आईच्या बीपीच्या गोळ्या आणल्या,
बारा रुपयेवाल्या.
तिनं पट्टी उलटसुलट केली,
‘येवरी सस्ती? यानं काय औषध असंल?
ती सोनेरीवाली आन.’
मी सांगितलं, आई, एकच आहे गं, मीच तोलते.
ती माझ्याकडे बघत राहिली,
दुकानात खोटं माप देणाऱ्याकडे बघतात तशी.

आज सकाळी स्वयंपाकघरात गेले
तर ती विळी घेऊन बसलेली.
खवल्या पुसून, पात्यावर
सोनेरी पट्टीतली गोळी धरलेली.
महाग आहे म्हणून अर्धी आज, अर्धी उद्या.
टक् असा आवाज झाला.
एक तुकडा मोठा, एक लहान,
थोडी पूड पाटावर.

आईनं बोट ओलं करून
पूड टिपली, चाटली.
‘वाया नको,’ म्हणाली.